आजीचे हजार शेअर

पत्र मांजलपूरहून आलं आहे, चांगलं पाच पानांचं. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका म्हणून विनवलं आहे. तेव्हा ओळख पटेल असं सगळं गाळून कामाचं तेवढं देते.

“आजोबांनी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) दोन लेथवर सुरू केलेला कारखाना आता प्रायव्हेट लिमिटेड आहे. एकूण दहा हजार शेअर, शंभर शंभर रुपयांचे. थोरल्या काकांचे तीन हजार, काकूंचे पाचशे, चुलतभावाचे पाचशे, धाकट्या काकांचे तीन हजार आणि बाबांचे तीन हजार. बाबा मागच्या वर्षी गेले. मृत्युपत्र नाही. मी एकुलती एक, लग्न होऊन इथेच बडोद्यात. आई माझ्याकडे असते, आजी थोरल्या काकांकडे. गणपतीत काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की अकरा दिवसांनी, रविवारी, त्यांच्या घरी एजीएम, म्हणजे कंपनीची वार्षिक सभा आहे, चहा-चिवडा आहे. विषय तीन: हिशेब मंजूर करणं, बाबांच्या जागी चुलतभावाला डायरेक्टर करणं आणि त्याला पाच हजार नवे शेअर देणं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या माणसाबरोबर एक कोरा फॉर्म आला. वर एसएच-४ लिहिलंय, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या. काका म्हणतात, फॉर्मॅलिटी आहे. शिवाय आजोबांनी वहीत लिहून ठेवलंय की शेअर घराबाहेर जायचे नाहीत, आणि तू तर आता दुसऱ्या घरची. तीस टक्के कारखाना आमचा आहे ना? सही करू का? सभेला जाऊन भांडू का? बाबांनी काकांपुढे कधी आवाज चढवला नाही. मलाही चढवायचा नाही.”

ताई, सही करू नका. एवढं मी पत्र आलं त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं होतं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण मकरपुऱ्यात प्लॉट, दांडियाबाजारात घर आणि घरात तीन भाऊ, अशा कंपन्या आपल्या गावात किती आहेत ते माझ्यासारख्या जुन्या कंपनी सेक्रेटरीला विचारा.

आधी तो फॉर्म. एसएच-४ हा शेअर हस्तांतराचा कागद. आपले शेअर दुसऱ्याला विकताना किंवा बक्षीस देताना देणारा आणि घेणारा दोघं त्यावर सही करतात. माणूस वारला की त्याचे शेअर वारसांकडे जातात, त्याला हस्तांतर म्हणत नाहीत. त्या वाटेला इंग्रजीत ट्रान्समिशन म्हणतात आणि तिथे एसएच-४ लागतच नाही. वारसांचा अर्ज, मृत्यूचा दाखला, शेअर सर्टिफिकेटं आणि वारस कोण याचा पुरावा, एवढ्यावर काम होतं. मग तुमच्याकडे आलेला फॉर्म कशाला? घेणाऱ्याचं नाव कोरं, किंमत कोरी, तारीख कोरी आणि फुल्या मात्र नेमक्या देणाऱ्याच्या रकान्यात. काकांच्या मनात काय आहे मला ठाऊक नाही. एखाद्या अर्धवट माहितीच्या कारकुनानं चुकीचा फॉर्म काढून दिला असणंही शक्य आहे, तसं होताना मी पाहिलंय. पण कोऱ्या कागदावरच्या सहीचा अर्थ पुढे तो कागद भरणारा लावतो. फॉर्म परत पाठवू नका, फाडूही नका. फुल्यांसकट फाइलला लावून ठेवा.

आता “तीस टक्के कारखाना आमचा”. ताई, कारखाना तुमचा नाही. काकांचाही नाही. तो कंपनीचा आहे, आणि कंपनी ही कायद्याच्या नजरेत तुम्हा सगळ्यांहून वेगळी व्यक्ती आहे. जीआयडीसीच्या प्लॉटचा भाडेपट्टा तिच्या नावावर, लेथ तिचे, बँकेतलं कर्जही तिचंच. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर श्रीमती बाचा गझदर यांचा प्राप्तिकराचा वाद आला होता. त्यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. अशा कंपन्यांचं साठ टक्के उत्पन्न शेतीचं समजून करातून सुटायचं. बाईंचं म्हणणं, मग माझ्या लाभांशातलेही साठ टक्के शेतीचेच धरा. कोर्टानं मानलं नाही. मळा कंपनीचा, शेअरवाल्याचा त्या मळ्यावर हक्क नाही. कंपनीनं लाभांश जाहीर केला तर त्यात वाटा घ्यायचा आणि कंपनी बंद झालीच तर देणी भागवून उरेल त्यात वाटा घ्यायचा, इतकंच शेअरवाल्याचं. मतदान करायचं, सभेत प्रश्न विचारायचे, हेही त्यातच आलं. बडोद्याला हे शास्त्र परकं नाही. संस्थानानं १८९७ मध्ये स्वतःचा कंपनी कायदा केला होता आणि १९०८ साली सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा काढली ती त्याच कायद्याखाली.

म्हणजे बाबांनी मागे ठेवलं ते कारखान्याचं तीस टक्के नव्हे, तर तीन हजार मतं. आणि तुमची खरी अडचण अशी की ही मतं आज मुकी आहेत.

कंपनीत सभासद कोण, तर ज्याचं नाव सभासदांच्या रजिस्टरमध्ये आहे तो. त्या पानावर आज बाबांचं नाव आहे आणि बाबा हात वर करू शकत नाहीत. वारसाला लाभांश मिळतो, सभेची नोटीसही मिळायला हवी. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १०१ मध्ये मृत सभासदाच्या कायदेशीर वारसांना नोटीस पाठवावी असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण नाव चढेपर्यंत मत देता येत नाही. बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीत तसं कलम असतं. तुमची कंपनी जुनी, म्हणजे १९५६च्या कंपनी कायद्याच्या नमुन्यावरून उचललेली नियमावली असणार, त्यातही ते होतं. तेव्हा त्या रविवारी मत देणारे उरले चौघं, सात हजार शेअर, एकाच घरातले नाहीतर एकाच विचाराचे. तुम्ही कितीही मुद्देसूद बोललात तरी मोजणीत शून्य.

म्हणून सभेच्या आधीचं काम आहे नाव चढवण्याचं. आणि इथेच तुमच्या पत्रातली एक ओळ, तुम्ही सहज लिहिलेली, मी तीनदा वाचली: “आजी थोरल्या काकांकडे.”

तुम्ही धरून चालला आहात की बाबांचे शेअर तुमचे आणि आईचे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ काढून बघा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलंबाळं येतातच, आणि त्याची आईही येते, तितक्याच वाट्यानं. (मुलगी लग्न झालेली असली तरी मुलगीच, “दुसऱ्या घरची” हा वर्ग त्या कायद्यात नाही.) म्हणजे तीन हजारांचे तीन सारखे भाग: एक हजार आईचे, एक हजार तुमचे, एक हजार आजीचे.

एवढ्यानं काय बिघडतं ते आकड्यांत बघा. चुलतभावाला नवे शेअर द्यायचे म्हणजे सगळ्या भागधारकांना प्रमाणात न विचारता एकालाच द्यायचे. कलम ६२ म्हणतं, नवे शेअर आधी आहेत त्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करा. एकालाच द्यायचे असतील तर विशेष ठराव हवा. साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी होतो. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट लागतात. तुमच्याकडे तीनही हजार असतील तर विरोधात तीन हजार आणि बाजूला सात हजार. तिप्पट म्हणजे नऊ हजार. ठराव पडला. आजीचे हजार काकांकडे गेले तर बाजूला आठ हजार, विरोधात दोन हजार. तिप्पट म्हणजे सहा हजार. ठराव पास. सगळी कंपनी आजीच्या त्या हजार शेअरांवर तोललेली आहे आणि त्या बिचाऱ्यांना आपण भागधारक होऊ घातलोय याचा पत्ताही नसेल.

बाबांच्या कपाटात एकदा नीट शोधा. एसएच-१३ नावाचा नॉमिनेशनचा फॉर्म त्यांनी भरलेला असेल तर नाव चढवणं सोपं. नॉमिनी अर्ज करतो आणि त्याचं नाव लागतं. मात्र नॉमिनी झालात म्हणजे मालक झालात असं समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न कायमचा मिटवला: नॉमिनेशननं वारसाहक्क बदलत नाही. कंपनीच्या लेखी नाव नॉमिनीचं, हक्क तिघी वारसांचे. तरी मत देण्यापुरतं ते नाव मोलाचं आहे.

फॉर्म नसेल तर दोन वाटा. एक, दिवाणी कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसाचा दाखला. वेळ जातो, कोर्ट फी लागते, पण मग कोणी बोट दाखवू शकत नाही. दुसरी, बोर्डानं मनावर घेतलं तर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि सगळ्या वारसांची लेखी संमती यांवरही छोट्या कंपन्या नाव चढवतात. सगळ्या वारसांत आजी आल्या. अर्ज तिघींच्या नावानं हजार हजारांचा केलात तर कोणालाच हरकतीला जागा राहत नाही. एकत्र नावानं ठेवलेत तर पहिलं नाव कोणाचं याचा विचार करा, कारण संयुक्त शेअरवर मत पहिल्या नावाच्या माणसाचं धरतात.

अर्ज कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात स्पीड पोस्टानं पाठवा, “प्रति, संचालक मंडळ” असा. “ती. काकांना सा. न.” असा नको. घरचं पत्र उत्तराविना पडून राहिलं तर तो रुसवा. बोर्डाला दिलेला अर्ज पडून राहिला तर ती कसूर. नाव चढवायला नकार द्यायचा असेल तर कंपनीनं तीस दिवसांत कारणांसह कळवायचं असतं. कळवलं तर नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत, आणि काहीच कळवलं नाही तर कागद दिल्यापासून साठ दिवसांत अहमदाबादच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. चांगली प्रकरणं मी तारखा चुकल्यामुळे मेलेली पाहिली आहेत.

आता त्या नोटिशीविषयी. तुम्ही चिडला आहात ती चुकीच्या गोष्टींवर. रविवारी सभा घेता येते; मनाई फक्त राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी. काकांच्या घरी घेता येते. वार्षिक सभा कंपनीच्या कार्यालयात किंवा त्याच शहरात कुठेही, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात चालते आणि मांजलपूर काय, मकरपुरा काय, बडोदाच. चिवड्यालाही हरकत नाही. हरकत आहे ती मुदतीला आणि रीतीला. नोटीस पूर्ण एकवीस दिवसांची हवी, पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. ती हातोहात, पोस्टानं किंवा सभासदानं कंपनीला दिलेल्या ई-मेलवर पाठवायची; घरच्या ग्रुपवर, आरतीच्या फोटोंच्या मध्ये टाकलेला मेसेज ही नोटीस नव्हे. हिशेबाची प्रतही एकवीस दिवस आधी हातात पडायला हवी. आणि नव्या शेअरचा विषय हा खास विषय, त्याला सोबत खुलासा जोडावा लागतो: कोणाला, किती, कोणत्या भावानं, का, आणि त्यात कोणत्या संचालकाचं हित गुंतलंय. “चि.ला शेअर देणे” एवढ्या तीन शब्दांत ते होत नाही.

तरी एक गोष्ट लपवणार नाही. मत देण्याचा हक्क असलेल्या सभासदांपैकी पंचाण्णव टक्क्यांनी लेखी संमती दिली तर वार्षिक सभा कमी मुदतीतही घेता येते. काकांचा वकील म्हणेल, आज हक्क असलेले चौघंच आहेत आणि चौघांच्याही सह्या आहेत. उद्या तुमचं नाव चढलं की पाच जणांत तुम्ही एक, आणि तुमच्याशिवाय पंचाण्णव टक्के होतच नाहीत. त्यातही खासगी कंपनीला नोटीस, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी), मतदान या बाबतीत आपल्या नियमावलीत वेगळे नियम ठेवायची मोकळीक आहे, तेव्हा तुमच्या कंपनीची नियमावली वाचल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

ती वाचायला काकांकडे मागायचीही गरज नाही. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की कोणालाही कोणत्याही कंपनीचे सार्वजनिक कागद पाहता येतात. स्थापनेच्या वेळची नियमावली, दरवर्षीचा ताळेबंद, वार्षिक विवरणपत्र आणि त्यातली भागधारकांची यादी. आज रात्री जेवणं झाली की हेच करा. यादीत बाबांच्या नावासमोर तीन हजारच आहेत ना, हे सर्वांत आधी बघा. मागे एका घरात वडिलांच्या वाट्याचे शेअर त्यांच्या हयातीतच अर्धे झाले होते आणि मुलांना ते दहाव्याला कळलं.

समजा बाबांच्या तीनही हजारांवर तुमचं नाव चढलं आणि सभा भरली. तेव्हा काय होतं ते मी अनेक दिवाणखान्यांत पाहिलंय. अध्यक्ष म्हणजे काका सोफ्याच्या मधल्या खुर्चीत, चष्मा कपाळावर. ठराव वाचतात, “सर्वांची संमती आहे ना?” म्हणतात आणि कोणी काही बोलायच्या आत काकू चहाचा ट्रे घेऊन येतात. कोणी अडवलंच तर हात वर करायला सांगतात. हात वर करण्यात माणशी एक मत, शेअर कितीही असोत. काका, काकू, चुलतभाऊ, धाकटे काका: चार हात. तुमचा एक. चार म्हणजे एकाच्या तिपटीहून जास्त, विशेष ठराव पास! तीन हजार शेअर मांडीवर ठेवून तुम्ही हरलात. अशा वेळी एकच वाक्य बोलायचं, निकाल जाहीर होण्याआधी किंवा होताक्षणी: “मी पोल मागते.” शेअरमागे मत मोजण्याला पोल म्हणतात आणि एकूण मतांपैकी दहा टक्के ज्याच्याकडे आहेत त्यानं मागितला तर तो घ्यावाच लागतो. मग सात हजार विरुद्ध तीन हजार, आणि तोच ठराव पडतो. आवाज चढवावा लागत नाही. आईला गुडघ्यांमुळे जमत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीनं मत देणारा माणूस, देता येतो, त्याचा कागद अठ्ठेचाळीस तास आधी कंपनीकडे पोचवायचा. पण प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही आणि मतही पोल झाला तरच.

पाच हजार शेअरांवर एवढं काय, असंही कोणी म्हणेल. किंमत बघा. शेअर शंभराचा म्हणजे छापील किंमत शंभर. प्लॉट, यंत्रं, शिल्लक धरून कंपनी समजा तीन कोटींची असेल, तर एका शेअरची खरी किंमत तीन हजार होते आणि बाबांचे शेअर नव्वद लाखांचे. चुलतभावानं पाच हजार शेअर शंभरानं घेतले की त्यानं भरले पाच लाख. आता शेअर पंधरा हजार, कंपनी तीन कोटी पाच लाखांची, शेअरमागे दोन हजार तेहतीस. तुमचे झाले एकसष्ट लाख, आणि त्याच्या पाच लाखांचे झाले एक कोटी दीड लाखाच्या वर. शिवाय तुमचे तीस टक्के वीसवर आले, म्हणजे यापुढे कोणताही विशेष ठराव तुम्हाला अडवता येणार नाही. म्हणूनच असे शेअर देताना नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. तो मागा.

काकांना खरोखर धंद्यासाठी भांडवल हवं असेल तर सरळ वाट आहे, सगळ्यांना प्रमाणात शेअर देऊ करणं. तुमच्या वाट्याला दीड हजार शेअर येतील, शंभरानं दीड लाख रुपये. मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची असते आणि तेवढ्यात उत्तर दिलं नाही तर नकार समजतात. या गोष्टीला बोर्ड पुरेसं असतं, तुम्हाला ती अडवता येणार नाही. तेव्हा दीड-दोन लाख हाताशी ठेवा. एवढ्यासाठी सोनं मोडू नका; पण मुदत ठेव असेल तर ती कधी पिकते ते बघून ठेवा.

तीस टक्क्यांनी काय होत नाही तेही ऐका. डायरेक्टरची नेमणूक साध्या ठरावानं होते, ती तुम्ही अडवू शकत नाही. बाबांची खुर्ची वारसानं कोणालाच मिळत नाही, तुम्हाला नाही आणि चुलतभावालाही नाही. सभेनं निवडून द्यावी लागते आणि सभेत सत्तर टक्के त्यांचे. माझं मत विचाराल तर या विषयावर विरोध करूच नका. मुलगा रोज कारखान्यात जातो, ऑर्डरी आणतो, त्यानं डायरेक्टर व्हावं हे रास्त आहे. लाभांशही मागून मिळत नाही. बोर्ड शिफारस करतं, सभा तो कमी करू शकते, वाढवू शकत नाही. घरच्या कंपन्यांत वर्षानुवर्षं लाभांश निघत नाही, पगार मात्र निघतात. तुमच्या बाबांना डायरेक्टर म्हणून पगार होता का, तो कधी बंद झाला, आईचं घर कशावर चालतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला तो प्रश्न या सगळ्याहून मोठा वाटतो. कधीतरी योग्य भावानं हे शेअर काकांनाच विकणं हे आईच्या दृष्टीनं बरं ठरेल. पण तो सौदा रजिस्टरमध्ये नाव असलेल्या बाईचा असावा, कोऱ्या फॉर्मवर सही केलेल्या मुलीचा नव्हे.

आजोबांच्या वहीचा मान राखा, पण तिला घाबरू नका. अशाच एका घराचा वाद, रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं निकाली काढला. भावाभावांत शेअर विकण्याबद्दल करार होता, पण कंपनीच्या नियमावलीत तसं काही नव्हतं. कोर्ट म्हणालं, नियमावलीत नसलेलं बंधन कंपनीला आणि भागधारकांना लागू नाही. मग वहीतल्या ओळीचं काय घेऊन बसलात! हां, तुमच्या नियमावलीत “आधी घरच्यांना विचारा” असं कलम असू शकतं, खासगी कंपनीत बहुतेक असतंच. ते विक्रीला लागतं की वारसांनाही, हे त्यातल्या शब्दांवर ठरतं. ती पानं डाउनलोड झाली की मला पाठवा.

अगदीच गळा आवळला गेला तर अन्याय आणि गैरकारभाराविरुद्ध कलम २४१ खाली त्याच न्यायाधिकरणात जाता येतं, दहा टक्के शेअर त्याला पुरतात. पण घाई करू नका. आपल्याच गावात गायकवाड घराण्यातल्या एका खासगी कंपनीच्या शेअरांवरून सुरू झालेला वाद गुजरात उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये निकाली निघाला. घराण्याच्या मिळकतींचं भांडण शेवटी २०१३ साली आपसातल्या समझोत्यानंच मिटलं.

तेव्हा त्या रविवारचं असं करा. आधीच बोर्डाला एक पानाचं पत्र द्या: नोटीस नियमाप्रमाणे मिळालेली नाही, नाव चढवण्याचा अर्ज सोबत आहे, तिसरा विषय तो अर्ज निकाली निघेपर्यंत पुढे ठेवावा, हिशेबाची सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी हे आम्हाला मान्य आहे, त्याला आमची आडकाठी नाही. यात काकांना मागे सरकायला जागा आहे आणि ती त्यांना हवी असेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. मग सभेला जा, चिवडा खा. हजेरीच्या वहीवर सही मागितली तर नावापुढे “मृत सभासदाची वारस, हरकतीसह” असं लिहून करा. तिसरा विषय निघालाच तर ते पत्र वाचून दाखवा आणि इतिवृत्तात त्याची नोंद घ्या म्हणा. बस.

आणि आजींना भेटायला त्या रविवारी जाऊ नका, वेगळ्या दिवशी जा, दुपारच्या चहाला. त्यांना सांगा की तुमच्या लेकाचे हजार शेअर कायद्यानं तुमचे आहेत. त्यांनी ते कोणाला द्यावे, ठेवावे की विकावे, यातलं काही सांगू नका. पिशवीत कोणताही कागद नेऊ नका. फुल्या मारलेला फॉर्म एकदा या घरात फिरलाय, तो पुरे. आईला बरोबर न्या. सासू-सुनांनी त्या माणसाबद्दल वर्षभरात एकत्र बसून काही बोललं असेल असं मला तरी तुमच्या पाच पानांत दिसलं नाही.